ओव्हनच्या चिकनला अन पोर्कला लावायचा मसाला चुरा घरी कसा करायचा, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ओटीजी म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन घेतला, हौसेनं केक झाला, पोरांसाठी पिझ्झा झाला अन आता त्याच्यावर कापड टाकून ठेवलंय, अशी घरं आपल्याकडं परभणी, नांदेड, लातूरला बक्कळ सापडतील. त्याच ओटीजीत वरून कुरकुरीत अन आतून रसरशीत चिकन होतं, कढईभर तेल न घालता, फक्त वरचा चुरा नीट जमला पाहिजे. मॅरिनेशनच्या रेसिप्या सगळीकडं ढिगानं आहेत, चुऱ्याबद्दल मात्र सगळे "ब्रेडक्रम्समध्ये घोळवून घ्या" एवढं एक वाक्य टाकतात अन पुढं जातात, मंग लोक विचारायलेत की आमचं पांढरंफटक का झालं, पिठूळ का लागायलंय, खालून पचपचीत का निघालं.

अमेरिकेत या कामासाठी तयार पाकीटच मिळतं, शेक एन बेक नावाचं, जनरल फूड्स कंपनीनं १९६५ मध्ये काढलेलं. मसाला घातलेला चुरा पिशवीत ओतायचा, चिकनचा किंवा पोर्क चॉपचा (डुकराच्या मांसाचा जाड काप) तुकडा पाण्यानं ओला करून त्यात टाकायचा, पिशवी हलवायची अन ट्रेवर मांडून ओव्हनमध्ये. कल्पना एवढीच आहे अन ती घरी करायला काहीच अवघड नाही, उलट आपल्या घरातल्या मसाल्यांनी ती जास्त चांगली होते असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण पाकिटातला चुरा खारट जास्त अन चवीला सपाट असतो.

आता मुद्द्याचं. तळताना १७०-१८० डिग्रीचं तेल चुऱ्याच्या प्रत्येक कणाला चारी बाजूंनी भिडतं, म्हणून तो दोन-चार मिनिटांत लाल होतो. ओव्हनमध्ये असते गरम हवा, अन हवा उष्णता फार हळू देते. म्हणजे चुरा लाल व्हायची वाट बघत बसलात तर तोवर आतलं चिकन वाळून जातं, अन चिकन शिजलं की काढलंत तर चुरा पांढरा. म्हणून ओव्हनसाठीचा चुरा आधीच तेलावर भाजून, लाल करून, मसाला घालून, चाखून तयार ठेवायचा. ओव्हनमध्ये फक्त मांस शिजवायचं, चुरा तिथं जाण्याआधीच खाण्यालायक झालेला असला पाहिजे. हे एक पक्कं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

चुरा कशाचा?

सगळ्यात सरळ म्हणजे पाव किंवा साधा ब्रेड. ४०० ग्रॅमच्या ब्रेडच्या पुड्यातून साधारण अडीचशे ग्रॅम सुका चुरा निघतो, त्यात दीड किलो चिकन आरामात होतं. शिळा ब्रेड घेतला तर बरंच, बुरशी लागलेला मात्र नको, बुरशीचा भाग काढून बाकीचा वापरायचा हा हिशोब ब्रेडला चालत नाही, बुरशी आत कुठवर गेलीय ते डोळ्यांना दिसत नसतं.

वाळवायचे दोन रस्ते. एप्रिल-मे मध्ये गच्चीवर परातीत स्लाइस पसरायचे, वरून पातळ सुती कापड, संध्याकाळपर्यंत कडक. आपल्याकडचं ऊन फुकट आहे अन ४२ डिग्रीला ते ओव्हनपेक्षा कमी काम करत नाही. बाकीच्या महिन्यांत ओटीजी १२० डिग्रीवर, स्लाइस जाळीवर, वीस-पंचवीस मिनिटं, मधी एकदा उलटायचे. रंग यायला नको, फक्त ओल जायला पाहिजे. हातानं मोडला की टक्कन आवाज झाला पाहिजे, वाकला तर अजून वेळ द्या.

बेकरीतला टोस्ट वापरू का असं बरेच जण विचारतात. तर तो बहुतेक गोड असतो अन त्यात विलायची पण असते, गोड म्हटल्यावर ओव्हनमध्ये तो पटकन काळा पडतो अन चिकनला चहाच्या टोस्टचा वास येतो, म्हणून नको. जिरा बटर असेल तर चालतंय, ते खारं असतं. खारीचा चुरा एकदम कुरकुरीत लागतो पण त्यात वनस्पती तूप एवढं असतं की नुसत्या खारीचा थर तोंडात चिकटतो, चार भाग ब्रेड अन एक भाग खारी असं केलं तर मजा येते.

अन आपल्या भागाची खास गोष्ट म्हणजे ज्वारीच्या लाह्या. नागपंचमीच्या आसपास बाजारात ढीग लागलेले असतात, पण गंमत अशी की तेव्हा श्रावण असतो अन बऱ्याच घरी चिकन बंद, म्हणून लाह्या तेव्हाच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या अन नंतर वापरताना कढईत कोरड्या परतून परत कडक करून घ्यायच्या. लाह्यांचा चुरा ब्रेडपेक्षा हलका होतो, त्याला भाजक्या ज्वारीचा वास असतो, अन घरात कुणाला गव्हाचं चालत नसेल तर त्यांचीही सोय होते, फक्त मसाल्यात हिंग असेल तर बघा, बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

कॉर्नफ्लेक्स पण चालतात, साधे, बिनसाखरेच्या चवीचे. जाड पोहे भाजून कुटले तर दाताला फार टणक लागतात, मला आवडत नाहीत, तुम्ही बघा.

मिक्सर जपून फिरवा. बटण एकदम चालू ठेवलं की अर्ध्या मिनिटात पीठ होतं अन पिठाचा थर कधीच कुरकुरीत होत नाही. थोडं फिरवा, थांबा, भांडं हलवा, परत फिरवा. मला पाहिजे असतो तो चुरा म्हणजे दोन भाग जाड, साबुदाण्याएवढा, अन एक भाग बारीक, रव्यासारखा. जाडानं कुरकुरीतपणा येतो, बारीक मधल्या फटी भरतो. जपानी पद्धतीचा पांको चुरा असतो तसे लांबट पापुद्रे हवे असतील तर ताज्या ब्रेडच्या कडा काढून तो फ्रीजरमध्ये कडक करायचा अन जाड किसणीवर किसायचा, मंग तो कीस वाळवायचा. जरा कुटाणा आहे पण पोर्कला हा कीस लई भारी लागतो.

भाजणं अन मसाला

मापाचे चमचे घ्या, ते पाच-सहा चमच्यांचा सेट मिळतो तो. खाली मोठा चमचा म्हणजे १५ मिली अन छोटा म्हणजे ५ मिली. अंदाजपंचे नंतर करा, पहिल्यांदा नको.

एक किलो हाडासकट चिकनसाठी १५० ग्रॅम चुरा. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तेल. करडईचं घेतलं तर उत्तम, आपल्याकडची करडई आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एका वाणाचं नावच परभणी कुसुम आहे, तर घरचं तेल सोडून बाहेरून ऑलिव्ह ऑइल कशाला आणायचं. शेंगदाणा तेल पण चालतंय. तेल कोमट झालं की चुरा टाकायचा अन मंद आचेवर सतत हलवत राहायचं. पाच-सहा मिनिटांनी रंग यायला लागतो. गव्हाच्या भाजलेल्या रव्याच्या रंगापेक्षा एक पायरी पुढं, फिकट तांबूस झाला की गॅस बंद अन लगेच चुरा परातीत काढायचा, कढईतच ठेवला तर तिच्या तापानं भाजत राहतो अन करपतो. अजून ओव्हनमध्ये थोडा रंग चढणार आहे, म्हणून इथं गडद करू नका.

मसाला गॅस बंद केल्यावर, चुरा कोमट असताना मिसळायचा. तिखट अन लसणाची पूड कढईतल्या तापाला एक मिनिटसुद्धा थांबत नाहीत, कडू होतात.

साधा मसाला असा: मीठ १ छोटा चमचा, ब्याडगी किंवा काश्मिरी तिखट दीड छोटा चमचा, लसणाची पूड १, कांद्याची पूड १, मिरेपूड अर्धा, ओवा हातावर चोळून अर्धा, आमचूर पाव, पिठीसाखर अर्धा. बस्स. विदेशी रेसिपीत पाप्रिका लिहिलेलं असतं तिथं ब्याडगी घाला, रंग देते अन जाळत नाही. थाइम लिहिलेलं असतं तिथं ओवा, अन हे जुगाड म्हणून सांगत नाही, थाइमचा तो वास ज्या थायमॉलमुळं येतो तेच थायमॉल ओव्यात भरपूर असतं. फक्त ओवा जास्त उग्र असतो म्हणून अर्ध्या चमच्यावर थांबा, नाहीतर पोट दुखल्यावर चावतो तशी चव येते. साखर अर्ध्या चमच्याच्या वर नको, रंगासाठी आहे ती, वाढवली की करपते.

लसणाची पूड विकत मिळते पण उन्हाळ्यात घरी करणं सोपं आहे, पातळ काप, दोन-तीन दिवस कडक ऊन, मंग मिक्सर. ओला लसूण चुऱ्यात घालू नका, चुरा ओला होतो अन सगळी मेहनत पाण्यात. लिंबाचं पण तेच, लिंबू ताटात पिळा.

मीठ बारीक असावं, जाड खडे चुऱ्यात तळाला बसतात अन एका तुकड्याला खारट, एकाला अळणी. अन चाखा! चुरा भाजलेला आहे, कच्च्या मांसाला अजून लागलेला नाही, तोंडात टाकून बघायला काहीच हरकत नाही. नुसता खाताना थोडा खारट, थोडा जास्तच झणझणीत वाटला पाहिजे, कारण खाली अळणी मांस येणार आहे. नुसता खाताना एकदम बरोबर वाटला तर चिकनवर तो फिका पडतो.

काळा मसाला अन लाह्यांचा चुरा

हा माझा आवडता, म्हणून जरा सविस्तर. लाह्या १०० ग्रॅम, दिसायला पोतंभर दिसतात पण मिक्सरमधून काढल्या की आटोपशीर होतात. आधी जाड चाळणीनं चाळून न फुटलेले दाणे काढा, हे टाळू नका, ओव्हनमध्ये ते दाणे आणखी कडक होतात अन दात दुखावतात. लाह्या कोरड्या परता, जाडसर फिरवा, मंग दोन मोठे चमचे तेलावर मंद भाजा, लाह्या ब्रेडपेक्षा लवकर भाजतात, तीन-चार मिनिटं पुरे. गॅस बंद करून त्यात मीठ १ छोटा चमचा, घरचा काळा मसाला २ छोटे चमचे, तीळ १ मोठा चमचा, अन शेंगदाण्याचा जाडसर कूट २ मोठे चमचे.

काळा मसाला आपण करतानाच खोबरं, दगडफूल, तीळ, धने सगळं गडद भाजून घेतो, त्याच्यात अजून भाजायला जागाच उरलेली नसते. म्हणून हा चुरा वापरताना ओव्हन २०० ऐवजी १९० वर ठेवायचा अन वेळ चार-पाच मिनिटं वाढवायचा. मसाला दोन चमच्यांच्या पुढं नेऊ नका, कालवणात तो रश्श्यात पसरतो, इथं कोरडा थेट जिभेवर येतो, जास्त झाला की कडवट. जवसाची किंवा कारळाची चटणी घरात असेल तर एक मोठा चमचा त्यातली घातली तरी छान लागते, मंग मीठ तेवढं कमी करा.

अन येसर! येसर ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो चुऱ्यात न घालता खालच्या थराला वापरा. नेहमीच्या पद्धतीत चिकनला आधी मैदा लावतात कारण मैदा वरची ओल शोषतो अन पुढचा थर धरतो. येसरमध्ये भाजलेली धान्यं अन डाळी दळलेल्या असतात, तो तेच काम करतो अन वर चव देतो. मैदा नुसता चिकट. एक किलोला दोन मोठे चमचे येसर पुष्कळ होतो.

चिकन कसलं आणायचं

करी कट नको. दुकानदाराला आधीच सांगा की लेग पीस पाहिजेत किंवा बोनलेस थाय, छोटे तुकडे करू नको. बॉयलर कोंबडीच घ्या, गावरान कोंबडी या कामाची नाही, तिला मऊ व्हायला रश्शात तासभर लागतो अन इथं अर्धा-पाऊण तासच आहे. आपल्याकडं दुकानात कातडी काढूनच देतात, ते इथं बरंच आहे, कातडीतली चरबी वितळून चुऱ्याच्या खाली पाणी-तेल साचतं. अन समोर कापलेलं चिकन लगेच करायला घेऊ नका, फ्रिजमध्ये चार-पाच तास राहू द्या, ताजं कापलेलं मांस ताठरलेलं असतं, तसंच शिजवलं तर रबरासारखं होतं. उन्हाळ्यात तर दुकानातून सरळ घरी अन सरळ फ्रिजमध्ये, बाहेर ठेवायचंच नाही.

नळाखाली धबाधबा धुवायची सवय असते आपल्याला, त्यानं कच्च्या चिकनचं पाणी ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर उडतं. धुवायचंच असेल तर मोठ्या भांड्यात पाणी घेऊन हलक्या हातानं अन नंतर सिंक साबणानं घासा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे टिपणं. किचन पेपरनं किंवा वेगळ्या ठेवलेल्या कापडानं तुकडे अगदी कोरडे करा. ओल्या चिकनवर चुरा बसतो पण ओव्हनमध्ये खालून वाफ निघते अन तो सोलल्यासारखा निघून येतो.

लावायची पद्धत

ओव्हन २०० डिग्रीला, खालची-वरची दोन्ही कॉइल, फॅन असेल तर फॅन, पंधरा मिनिटं आधी चालू करा. प्लगचं बघा, मोठे ओटीजी पंधराशे वॅटच्या पुढं असतात, त्यांना गिझरच्या मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावायचं, मोबाइल चार्जरच्या साध्या पिनवर नाही. अन तुमच्याकडं लाइट जायची जी वेळ ठरलेली असेल ती टाळा, मधीच बंद पडलं तर अर्धवट शिजलेलं चिकन कोमट ओव्हनमध्ये पडून राहतं, ते चांगलं नाही.

एक, तुकड्यांना १ छोटा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी परत टिपा. लेग पीसला हाडापर्यंत दोन-तीन चिरे द्या.

दोन, चिकटवायला काहीतरी पाहिजे. मी घट्ट दही वापरतो, कापडात तासभर टांगून पाणी काढलेलं, किलोला चार मोठे चमचे, त्यात थोडी आलं-लसूण पेस्ट. पातळ दही चालत नाही. अंडं फेटून पण होतं, थर जास्त कडक येतो. थर जाड नको, चमकेल एवढाच, जास्तीचं निपटून काढा. येसर वापरायचा असेल तर तो दह्याच्या आधी, टिपलेल्या तुकड्यावर भुरभुरायचा.

तीन, हलवणं. पातळ प्लास्टिक पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे अन कच्च्या चिकनची पिशवी धुवून परत वापरणं बरोबर नाही, म्हणून झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घ्या. मूठभर चुरा डब्यात, दोन तुकडे, झाकण, आठ-दहा वेळा हलवा. मंग काढून तळहातानं चुरा दाबून बसवा, हे दाबणं विसरू नका, एअर फ्रायरमध्ये करणार असाल तर जास्तच, नाहीतर पंख्याच्या हवेनं चुरा उडून वरच्या कॉइलला जाऊन जळतो. चुरा एकदम सगळा डब्यात ओतू नका, लागेल तसा घ्या. ज्या चुऱ्याला कच्चं चिकन लागलं तो उरला तर टाकून द्यायचा, परत बरणीत जात नाही, भाजून घेतला म्हणून पण नाही. म्हणूनच थोडा-थोडा.

चार, घोळवलेले तुकडे जाळीवर मांडून फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटं. थर धरतो.

पाच, ट्रेवर फॉइल, फॉइलवर जाळी, जाळीवर तुकडे, मधी बोटभर जागा. जाळी नसेल तर बटर पेपर लावून थेट ट्रेवर ठेवा अन अर्ध्या वेळेनंतर चिमट्यानं उलटा, जाळीवर असतील तर उलटायची गरज नाही. ट्रे मधल्या खाचेत. वरून ब्रशनं तेलाचा हलका हात, कोरडा पांढरा डाग कुठं दिसत असेल तिथं नक्की.

वेळ: बोनलेस थाय २२ ते २५ मिनिटं, दोन सेंटीमीटर जाडीचं ब्रेस्ट १८ ते २२, लेग पीस ४० ते ४५. एअर फ्रायरला १८० डिग्री अन पाच-सात मिनिटं कमी. वरचा रंग लवकर चढायला लागला तर फॉइल सैल टाका वरून.

हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक ओटीजीचं डायल वेगळं खोटं बोलतं. खात्रीचा इलाज म्हणजे टोचून बघायचा थर्मामीटर, ऑनलाइन मिळतो, फार महाग नसतो. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, चिकन ७४ डिग्री झालं पाहिजे. लेग पीस मी ८० च्या पुढं जाऊ देतो, ७४ ला तो खायला सुरक्षित असतो पण हाडाजवळ चिवट लागतो. हाडाजवळचा गुलाबी रंग बघून घाबरू नका, कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग बाहेर येतो तो, शिजलं का नाही ते रंगावरून ठरत नाही. थर्मामीटर नसेल तर टोचून बघा, पाणी स्वच्छ निघालं पाहिजे अन मांस हाडापासून सहज सुटलं पाहिजे, शंका असेल तर अजून पाच मिनिटं.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं जाळीवरच राहू द्या, ताटात लगेच ठेवलं की खालची बाजू वाफेनं मऊ पडते. हॉटपॉटमध्ये तर अजिबात नाही!

पोर्क

आपल्याकडं पोर्क सगळ्या घरांत चालत नाही अन सगळीकडं मिळतही नाही, मोठ्या शहरात कोल्ड स्टोरेजच्या दुकानात फ्रोझन चॉप मिळतात. घरी येणाऱ्यांत कुणी खात नसेल तर जाळी, ट्रे, डबा वेगळा ठेवा अन आधीच सांगून टाका, एवढी रीत पाळायची.

जगात जर्मनी अन भारतात परभणी म्हणतो आपण, तर त्या जर्मनीत चुरा लावलेल्या पोर्कला मोठा मान आहे, श्निट्झेल, मांस ठोकून पातळ करायचं अन चुऱ्यात घोळवून तुपा-तेलात परतायचं. अस्सल व्हिएन्नाचं मात्र वासराच्या मांसाचं असतं, अन जर्मनीत पोर्क असेल तर त्याला नुसतं व्हिएन्नाचं म्हणून विकता येत नाही, व्हिएन्ना पद्धतीचं असं लिहावं लागतं. आपण ओव्हनमध्ये करणार म्हणून ठोकायचं नाही, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचेच चॉप घ्यायचे, पातळ घेतले की चुऱ्याला रंग येईस्तोवर आत वाळवण होतं.

फ्रोझन चॉप फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर वितळू द्या, ओट्यावर नाही. चॉपला चरबी कमी असते, पटकन कोरडे होतात, म्हणून मिठाचं पाणी: १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात चॉप दीड तास, फ्रिजमध्येच. नंतर काढून टिपून कोरडे करा. हे केलं तर वरून मीठ चोळू नका अन चुऱ्यातलं मीठ पण अर्ध्यावर आणा. कडेला जी चरबीची पट्टी असते तिला बोटा-बोटाच्या अंतरावर चिरे द्या, नाहीतर ती आखडते, चॉप वाटीसारखा वाकतो अन चुरा मधून फाटतो.

चुरा: किसलेल्या ब्रेडचा १५० ग्रॅम, तेल दीड मोठा चमचा, बडीशेप जाडसर कुटून १ छोटा चमचा, मिरे जाडसर १, लसणाची पूड १, कांद्याची पूड १, ब्याडगी १, ओवा अर्धा, गुळाची पूड १, मीठ अर्धा. बडीशेप अन पोर्कची जोडी इटलीत जुनी आहे, आपल्या जिभेला पण परकी वाटत नाही. चिकटवायला दह्याऐवजी मस्टर्ड सॉस, तयार बाटलीतला, दोन्ही बाजूंना पातळ हात. दही पण चालेल पण मस्टर्डनं चरबीची चव कापली जाते.

२०० डिग्री, २० ते २५ मिनिटं. अमेरिकेतली सरकारी शिफारस अशी आहे की पोर्कचा अख्खा तुकडा ६३ डिग्रीपर्यंत न्या अन तीन मिनिटं विसावा द्या, खिमा असेल तर ७१. आपल्याकडं टेपवर्मचा धोका अजून आहे, मोकळी फिरणारी डुकरं असतात, म्हणून मी चॉपसुद्धा ७१ पर्यंत नेतो, जरासं कोरडं झालं तरी चालेल, मिठाच्या पाण्यानं तेवढं भरून निघतं. अन माहितीतल्या, परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या.

साठवायचं कसं

पूर्ण थंड झालेला मसाला चुरा काचेच्या बरणीत, घट्ट झाकण, फ्रिजमध्ये महिनाभर छान राहतो. तेलावर भाजलेला असल्यामुळं बाहेर ठेवला तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांत खवट वास धरतो. कूट, तीळ, जवस, खोबरं असलं काही घालायचं असेल तर ते वापरायच्या दिवशीच, ते सगळ्यात आधी खवटतात. पावसाळ्यात चुरा मऊ पडला तर कढईत दोन मिनिटं मंद परता, तिखट घातलेलं असेल तर आच एकदम कमी.

जास्त करून ठेवायचा असेल तर कोरडा, बिनतेलाचा चुरा अन वेगळ्या डबीत मसाला असं ठेवा, ते दोन महिने बाहेर टिकतं, हव्या त्या दिवशी तेलावर भाजून एकत्र करा. शाकाहाराच्या दिवशी हाच चुरा वांग्याच्या जाड कापांना दह्यात बुडवून लावा अन २०० वर पंचवीस मिनिटं, पनीरला पंधरा पुरतात.

शिळं उरलेलं चिकन गार झालं की लगेच फ्रिजमध्ये, अन दुसऱ्या दिवशी ओटीजीत १८० वर आठ-दहा मिनिटं, आतून वाफ निघेल एवढं गरम. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं की चुरा ओल्या कापडागत होतो, मंग त्यापेक्षा हाडावरचं काढून बारीक करा अन कांदा, कोथिंबीर, ठेचा घालून भाकरीसोबत खा.